सॉनिक जेनेसिस: प्रोसेसर दुप्पट, तरी खेळ अडखळतो का?

मे महिन्यात अमळनेरला घरी गेलो होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेम बॉय ॲडव्हान्स एसपी सापडला. सुरतचा मामेभाऊ दर उन्हाळ्यात ट्रेनने यायचा, एका वर्षी तो हा इथेच ठेवून गेला. आत एकच कॅसेट, 'सॉनिक द हेजहॉग जेनेसिस'. चार्जर लावला, नारिंगी दिवा लागला, आणि मी सातवीतल्यासारखा भिंतीला टेकून बसलो.

तेव्हा मी या गेममध्ये सारखा मरायचो. वेगात पळताना समोर खिळे यायचे, उडी मारेपर्यंत रिंग सांडलेल्या. भाऊ म्हणायचा, "सोड भो, तुले जमाव नही." मला ते खरंच वाटायचं. माझीच बोटं संथ आहेत, असं मी धरून चाललो होतो.

आता थोडी माहिती. मूळ सॉनिक १९९१ मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला. हा कन्सोल अमेरिकेत 'जेनेसिस' नावाने विकला जायचा. त्याचा मुख्य प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झचा. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सचा १६.७८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दुपटीहून जास्त. सॉनिकला १५ वर्षं झाली म्हणून २००६ मध्ये तोच खेळ यावर आणला गेला. आणि तो अडखळत पळाला! समीक्षकांनीही तेव्हा धुऊन काढला होता.

मेगाहर्ट्झ बघून फोन घेणाऱ्यांनी इथे थांबावं. मेगा ड्राइव्हमध्ये आवाजासाठी वेगळा झेड८० प्रोसेसर आणि यामाहाची चिप होती. मुख्य प्रोसेसरला संगीताचं ओझं फारसं नव्हतं. गेम बॉय ॲडव्हान्समध्ये रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत मिसळायचे असतील तर ते काम त्याच एका प्रोसेसरला करावं लागतं. शिवाय त्याची खरी वेगवान मेमरी फक्त ३२ केबी, कॅसेटमधून कोड वाचायला जास्त वेळ लागतो. आणि दोन्ही प्रोसेसरची भाषाच वेगळी, त्यामुळे जुना कोड उचलून जसाच्या तसा चालवता येत नाही.

स्क्रीन दर सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते. म्हणजे एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद, या मशीनच्या हिशोबात सुमारे २ लाख ८० हजार ठोके. उडी, शत्रू, टक्कर, आवाज, सगळं त्यात बसवायचं. नाही बसलं तर जुनंच चित्र पुन्हा दिसतं. बऱ्याच जुन्या गेममध्ये खेळाचं घड्याळ चित्रांनाच बांधलेलं असायचं, त्यामुळे चित्र चुकलं की अख्खा खेळच मंदावतो. तुमच्या फोनवर गेम 'लॅग' होते तेव्हाही हिशोब असाच चुकलेला असतो.

दुसरी गोची स्क्रीनची. मूळ खेळ ३२० बाय २२४ पिक्सेलचा, इथे जागा २४० बाय १६०. सॉनिकचा आकार मात्र जवळपास तेवढाच ठेवला. म्हणजे पुढचा रस्ता पाव भाग कमी दिसतो, आणि या खेळात पळणं हेच तर काम! खिळे उशिरा दिसायचे ते यामुळे.

मशीनच कमजोर होतं का? नाही. सायमन थॉमली नावाच्या एका चाहत्या प्रोग्रामरने याच हँडहेल्डवर सॉनिकचा स्वतःचा नमुना बनवला आणि तो नीट पळतो हे दाखवून दिलं. पुढे २०१७ च्या 'सॉनिक मॅनिया'वर काम करणाऱ्यांत तो होता.

गेम अगदीच टाकाऊ नाही हं. यात प्रगती सेव्ह होते, मूळ कॅसेटमध्ये ती सोय नव्हती. ॲनिव्हर्सरी मोडमध्ये जागेवर गोल फिरून सुटायची चालही मिळते.

तुमच्याकडे जुना हँडहेल्ड असेल तर फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीनचं शूटिंग करा. खेळ नीट चालत असेल तर पळताना दर चार फ्रेमला चित्र बदलायला हवं. मी मोजलं, गर्दीच्या जागी तेच चित्र त्याहून जास्त वेळ अडकून बसत होतं.

व्हिडिओ भावाला पाठवला, खाली हा सगळा हिशोब लिहून. त्याचं उत्तर रात्री आलं: "तरीबी तुले जमाव नही."