ग्रीक पुराणकथा, मराठी रंगभूमीवरील
प्राचीन ग्रीक शोकात्मिकांतील पुराणकथांचे मराठी नाट्यावतार. अथेन्समध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात डायोनायससच्या उत्सवात ही नाटके होत. त्यांतील वृंद (कोरस) सामान्य नागरिकांचा असे आणि त्याच्या तालमींचा व वेशभूषेचा खर्च एखादा धनिक सोशी. वृंदाचे बोल हे नगराचेच बोल ठरत.

मराठीत या कथा उत्सवातून नव्हे, तर ग्रंथांतून आल्या. पु. ल. देशपांडे यांचे राजा ओयदिपौस (१९७९) सॉफोक्लीझवर आधारित आहे. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर आणलेली अँटिगनी मात्र झां आनुई या फ्रेंच नाटककाराची. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये १९४४ साली तिचा पहिला प्रयोग झाला.

खरी अडचण वृंदाची. त्याला जवळचा म्हणावा असा सूत्रधार मराठीत विष्णुदास भावे यांच्या सीतास्वयंवरापासून (१८४३) आहे. परंतु तो कथा गातो, राजाला सल्ला देत नाही. सॉफोक्लीझचा क्रेऑन अखेर नरमतो तो वृंदातील वृद्धांच्या सांगण्यावरून, जरी फार उशिरा. आनुईने वृंदाच्या जागी एकच पात्र ठेवले आहे. ते विनवणी करते. त्याचा क्रेऑन ती मानत नाही.