पत्र लिहा, तारीख टाका: मुलाची तपासणी मागण्याचा हक्क आला कुठून?

न्यू जर्सीतल्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय. मुलगी दुसरीत आहे, वाचताना अडते, आणि टीचर गेलं वर्षभर म्हणतायत, "अजून थोडं थांबून बघू." शाळेकडे स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन मागता येतं असं त्यांनी ऐकलंय. पण मागायचं कसं? आणि मागितलं तर शाळा मुलीवर राग धरेल का?

उत्तर दोन मिनिटांत देता येईल, आणि शेवटी देतोच. पण आज एका पत्रावर शाळेला हलावं लागतं, ती सोय काही कुणी बसल्या बसल्या दिलेली नाही. त्यामागे पन्नास-पंचावन्न वर्षांची पालकांची भांडणं आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

1919 साल. विस्कॉन्सिन राज्यातलं अँटिगो नावाचं गाव. तिथल्या एका मुलाला जन्मापासून अंशतः पक्षाघात होता. बोलणं नीट कळायचं नाही, तोंडातून लाळ गळायची. डोकं मात्र ठीक होतं, अभ्यासात तो वर्गाबरोबर चालत होता. शाळेनं त्याला काढलं, कारण त्याच्याकडे बघून शिक्षकांना आणि बाकीच्या मुलांना कसंतरी होतं! वडील कोर्टात गेले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेचीच बाजू घेतली.

पुढची पन्नास वर्षं फार वेगळी नव्हती. पेन्सिल्वेनियाच्या कायद्यात तर लिहिलेलंच होतं की ज्या मुलाचं 'मानसिक वय' पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला शाळा पहिलीत घ्यायचं नाकारू शकते. मानसशास्त्रज्ञानं 'शिकवता न येण्याजोगा' असा शेरा मारला की शिक्षण खात्याची जबाबदारी संपली. म्हणजे बघा, तपासणी तेव्हाही होत होती. पण ती शाळेच्या हातात होती आणि तिचा उपयोग मुलाला दाराबाहेर ठेवायला होत होता. मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच वाटते: चाचणी घेतोय कोण, आणि कशासाठी.

गंमत म्हणजे बुद्धिमापन चाचणी मुळात याच्या उलट कामासाठी बनली होती. 1905 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली, ती वर्गात मागे पडणारी, जास्त मदत लागणारी मुलं ओळखता यावीत म्हणून. जाता जाता सांगतो, आपल्याकडे वि. वि. कामत यांनी हीच चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. महाराष्ट्रात मुलाच्या रिपोर्टवर 'बिने-कामत' असं लिहिलेलं दिसलं, तर ते कामत हेच.

चाचणी आपल्या भाषेत असणं किती महत्त्वाचं, हे कॅलिफोर्नियात 1970 मध्ये उघडं पडलं. मेक्सिकन वंशाची, घरी स्पॅनिश बोलणारी नऊ मुलं इंग्रजी चाचणीत नापास झाली म्हणून त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात टाकलं होतं. स्पॅनिशमध्ये परत तपासल्यावर बहुतेकांची जागा त्या वर्गात नव्हतीच, हे दिसलं. 'डायना' या नावानं तो खटला ओळखला जातो. आज अमेरिकन कायदा सांगतो की तपासणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत करायची, अगदी अशक्य असेल तरच अपवाद. घरी फक्त मराठी बोलणाऱ्या मुलाच्या आईबाबांनी हे डोक्यात ठेवा.

आता मुख्य प्रकरण. 1968 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका टीव्ही वार्ताहरानं, बिल बाल्डिनीनं, पेनहर्स्ट नावाच्या सरकारी संस्थेत कॅमेरा नेला. अपंग मुलं आणि मोठी माणसं तिथे कशी ठेवली जातात, ते लोकांनी घरी बसून बघितलं. पालकांची एक राज्यस्तरीय संघटना होती, 'पार्क' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी. तिनं ठरवलं की आता विनंत्या बास. टॉम गिलहूल नावाचा तरुण वकील नेमला. त्याच्या स्वतःच्या भावाला बौद्धिक अपंगत्व होतं, त्यामुळे हे त्याच्यासाठी नुसतं केसचं काम नव्हतं. जानेवारी 1971 मध्ये दावा दाखल झाला. तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की प्रत्येक मूल काही ना काही शिकू शकतं, आणि राज्य सरकारनं लढायचं सोडून समझोता केला.

त्या समझोत्यात काय होतं ते बघा. कुठल्याही मुलाला मोफत सार्वजनिक शिक्षण नाकारायचं नाही. घरी बसलेली मुलं सरकारनं शोधून काढायची. मुलाचा वर्ग बदलायच्या आधी आईवडिलांना नोटीस द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं. आणि दर दोन वर्षांनी परत तपासणी, पण पालकांनी मागितली तर दर वर्षी. 'पालकांनी मागितली तर' हे शब्द मी दोनदा वाचले. कारण इथे चाचणीची किल्ली पहिल्यांदा आईवडिलांच्या हातात आलेली दिसते.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन डीसीत 'मिल्स' खटला झाला. तिथे अंदाजे 22,000 मुलांना विशेष मदतीची गरज होती आणि त्यातल्या 18,000 पर्यंत मुलांना ती मिळतच नव्हती. शाळा मंडळाचं उत्तर ओळखीचं होतं: पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी ते मानलं नाही. पैसे कमी असतील तर त्याची झळ सगळ्यांना सारखी बसू दे, फक्त या मुलांना का, असा त्यांच्या निकालाचा अर्थ.

मग 29 नोव्हेंबर 1975 ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. फारशी मनापासून नाही, कारण यातली आश्वासनं सरकारला झेपणार नाहीत असं त्यांनी सही करतानाच म्हटलं. पैशाच्या बाबतीत ते बरोबरच निघाले म्हणा: जादा खर्चासाठी केंद्रानं 40 टक्क्यांपर्यंत मदत द्यायची ठरली होती, तेवढी ती आजवर कधीच दिली गेलेली नाही. पण हक्क मात्र कागदावर आला. 1990 मध्ये कायद्याचं नाव 'आयडिया' झालं आणि 2004 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की पहिल्या तपासणीची मागणी शाळेइतकीच पालकही करू शकतात, आणि पालकांची संमती मिळाल्यापासून 60 दिवसांत, किंवा राज्यानं ठरवलेल्या मुदतीत, ती पूर्ण व्हायला हवी.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असं वाटत असेल तर टेक्सास बघा. 2004 मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं एक आकडा ठरवला: जिल्ह्यातल्या 8.5 टक्क्यांपेक्षा जास्त मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये असू नयेत. म्हणजे डॅशबोर्डवर एक टार्गेट. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो: टार्गेट बग कमी करण्याचं दिलं, की बग कमी होत नाहीत, नोंदवणं कमी होतं. तिथेही तेच झालं. शाळा तपासणीच टाळू लागल्या, "आधी साधी मदत देऊन बघू" म्हणत वर्षं काढू लागल्या. 2016 मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'नं हे बाहेर काढलं. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं असल्या मर्यादेवर बंदी घातली, आणि जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं टेक्सासनं कायदा मोडल्याचं जाहीर केलं. बारा-तेरा वर्षं! तेव्हा पहिलीत असलेलं मूल शाळा संपवून बाहेर पडलं एवढ्यात.

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आल्या, त्या लवकर ओळखायला सांगितलंय, आणि शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायलाही. पण पालकानं पत्र दिलं की इतक्या दिवसांत तपासणी, असं घड्याळ त्यात नाही. पाच वर्षांत दुसरीतली मुलगी सातवीत जाते हो.

आता न्यू जर्सीच्या प्रश्नाकडे. तोंडी सांगू नका, लिहून द्या. पत्र किंवा ईमेल, प्रिन्सिपल आणि स्पेशल एज्युकेशनच्या प्रमुखांना. त्यात तारीख, मुलीचं नाव, इयत्ता, काय अडतंय ते दोन-तीन उदाहरणांसह, आणि एक सरळ वाक्य: मी स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण इव्हॅल्युएशनची मागणी करत आहे. डिस्लेक्सियाच आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, शंका पुरते. न्यू जर्सीत पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत शाळेला मीटिंग घ्यावी लागते (शाळेच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, पण उन्हाळ्याची मोठी सुट्टी धरतात). कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे 15 दिवसांत तपासणीचा आराखडा तुमच्या हातात यायला हवा. आणि हे नीट ऐका: तपासणीचं घड्याळ तुमच्या पत्रापासून नाही, संमतीच्या फॉर्मवर तुम्ही सही करता तेव्हापासून सुरू होतं. फॉर्म मेलबॉक्समध्ये पडून राहिला तर उशीर तुमच्याकडून.

"थोडं थांबू" असं परत म्हटलं तर? वर्गातली जादा मदत चालू आहे एवढ्या कारणावर तपासणी लांबवता येत नाही, हे केंद्रानं 2011 मध्येच राज्यांना कळवलंय. शाळा नकार देऊ शकते, पण कारणांसह लेखी. तपासणी झाली आणि निष्कर्ष पटला नाही, तर शाळेच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून दुसरी तपासणी मागता येते. मग शाळेपुढे दोनच रस्ते: पैसे द्या, नाहीतर सुनावणीत जाऊन आपली तपासणी योग्य होती हे दाखवा.

व्हिसाची काळजी असेल तर तीही सोडा. 1982 च्या 'प्लायलर' निकालानंतर शाळेचं दार इमिग्रेशनच्या कागदांवर अडवता येत नाही, आणि हा हक्क तिथे राहणाऱ्या मुलाचा आहे. राग धरण्याबद्दल म्हणाल, तर हक्क मागितला म्हणून मुलाला किंवा पालकांना त्रास देणं हेच मुळात बेकायदा आहे. तसं काही जाणवलं तर तेही तारखेसह लिहून ठेवा, त्याच ईमेलच्या थ्रेडमध्ये.