उसना दमा

दमा औषधाने निवतो, आणि धूळ उडाली की पुन्हा छातीवर बसतो. त्याला ही आठवण कोण देते?

१९१९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. रामिरेझ यांनी एक हकीकत छापली. एका गृहस्थाला दुसऱ्याचे रक्त दिले; पुढे सेंट्रल पार्कमध्ये घोडागाडीत बसताच त्याला धाप लागली. रक्तदात्याला घोड्याचे वावडे होते! उसना दमाच म्हणायचा. १९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झने, मासळी न सोसणाऱ्या क्यूस्टनरचा रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. त्यातले द्रव्य, आयजीई, १९६६-६७ साली ओळखू आले.

पण उसने द्रव्य ओसरते. ज्याचा दमा स्वतःचा, त्याच्या अंगात स्मृतिपेशी वर्षानुवर्षे तग धरतात. फवाऱ्याने सूज उतरते. पेशी उरतात, आणि ओळखीचा कण येताच हाळी देतात.