हार पचली, जीत पचली नाही

वरच्या श्रेणीत नुकत्याच परतलेल्या फुटबॉल संघाकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. पुन्हा खाली घसरला नाही, म्हणजे मिळवली! जर्मनीत मात्र एका संघाने परतल्या वर्षीच थेट विजेतेपद पटकावले. हंगाम १९९७-९८ चा आणि संघ कायझरस्लाउटर्नचा. बुंडेसलिगा ही तिथली अव्वल साखळी स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत दुसऱ्या कुणालाही हे जमलेले नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. मला तसे वाटत नाही.

कायझरस्लाउटर्न हे जेमतेम लाखभर वस्तीचे शहर. प्फाफ कंपनीची शिलाई यंत्रे इथलीच. शहरातल्या बेट्झेनबर्ग टेकडीवर क्लबचे मैदान आहे आणि त्याला फ्रिट्झ वाल्टर यांचे नाव दिलेले आहे. पश्चिम जर्मनीने १९५४ साली पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हाचे हे कर्णधार. त्या अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांपैकी पाच जण या एका क्लबचे होते. अशा गावात फुटबॉल म्हणजे नुसती करमणूक राहत नाही, ती गावाची इभ्रत होते.

ही इभ्रत १९९६ साली धुळीला मिळाली. त्या हंगामात चौतीस सामन्यांपैकी कायझरस्लाउटर्नने सहा जिंकले, दहा गमावले आणि तब्बल अठरा बरोबरीत सोडवले. नेमके त्याच वर्षापासून जर्मनीत विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले होते. बरोबरीचा भाव उतरला आणि बरोबरीवर जगणारा हा संघ बुडाला. शेवटचा सामना लेव्हरकुसेनशी. तोही १-१ असा बरोबरीतच सुटला! १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा आंद्रेआस ब्रेमे त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघातल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या, रुडी फॉलरच्या, खांद्यावर डोके ठेवून रडला. गंमत पाहा, आठवड्याभरातच याच संघाने जर्मन चषक जिंकला. म्हणजे कसब होते, पण ते साखळीत उपयोगी पडले नव्हते.

इथे आणखी एक पडलेला माणूस येतो, प्रशिक्षक ओटो रेहागेल. त्याच वसंतात बायर्न म्युनिकने त्यांना हंगाम संपायच्या आतच काढून टाकले होते. त्यांनी दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचे काम पत्करले. ब्रेमे, बचावफळीचा कणा असलेला कादलेक, गोलरक्षक राइनके हे मुख्य खेळाडूही क्लब सोडून गेले नाहीत. माझ्या मते विजेतेपदाचा पाया इथेच घातला गेला. खालच्या श्रेणीतले ते वर्ष संघाला जणू तालमीसारखे लाभले. एकत्र खेळायची, मुख्य म्हणजे जिंकायची सवय लागली आणि संघ पहिल्या क्रमांकाने वर आला.

परतल्यावर पहिलाच सामना बायर्नशी, तोही त्यांच्याच मैदानावर. श्योनबेर्गने शेवटच्या दहा मिनिटांत गोल केला आणि पाहुण्यांनी १-० अशी बाजी मारली. चौथ्या फेरीपासून कायझरस्लाउटर्न अग्रस्थानी गेला तो शेवटपर्यंत. इटलीहून परतलेल्या स्फोर्झाने मधली फळी सांभाळली, ओलाफ मार्शालने एकवीस गोल केले. पुढे नावारूपाला आलेला मिखाएल बालाक तेव्हा संघात नवखा होता. अखेर २ मे १९९८ रोजी वोल्फ्सबुर्गला ४-० असे हरवले, तिकडे बायर्नला बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि एक फेरी बाकी असतानाच निकाल लागला. एकोणीस विजय, अकरा बरोबरी, फक्त चार पराभव. बायर्नपेक्षा दोन गुण जास्त.

इथे थांबलो तर गोष्ट गोड वाटेल. पण पुढचे ऐकायला हवे. यशाने क्लबची भूक वाढली आणि खर्चही. २००६ च्या विश्वचषकासाठी मैदान वाढवायला घेतले, कर्ज साचले, २००३ साली ते मैदानच विकावे लागले. त्या टेकडीवर विश्वचषकाचे सामने झाले त्याच वर्षी क्लब पुन्हा खाली घसरला. २०१८ साली तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०२० साली दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याची वेळ आली. २०२२ साली तो दुसऱ्या श्रेणीत परतला. रेहागेल यांनी मात्र २००४ साली ग्रीसला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले.

पराभव कसा पचवावा, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. कायझरस्लाउटर्नला ते उत्तम साधले होते. एका वर्षात त्यांनी झाले-गेले दुरुस्त केले. विजय पचवायला मात्र ते कमी पडले. विजयानंतर आपल्या ऐपतीचा हिशेब नीट मांडायचा असतो, हेही मुलांना कुणीतरी सांगायला हवे.