सूचिपर्णी वृक्षांच्या तेलातील रासायनिक घटक आणि टर्पेंटाईनची ओळख

जनावराच्या पोटफुगीवर गोडेतेलात टर्पेंटाईन मिसळून पाजण्याचा उपाय अनेक पशुपालकांना माहीत आहे. मात्र बाजारात टर्पेंटाईन या नावाने दोन वेगवेगळे द्रव मिळतात. एक चीड वृक्षाच्या चिकापासून काढलेले सुगंधी तेल, तर दुसरे खनिज तेलापासून बनवलेले, रंग पातळ करण्याचे द्रावण. दुसरे पाजल्यास जनावराला विषबाधा होऊ शकते. दोन्हींतील फरक समजण्यासाठी घटक माहीत असावेत.

तेल कोठून मिळते?

चीड हा सूचिपर्णी वृक्ष हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू भागातील डोंगरउतारांवर वाढतो. खोडाला खाच पाडून चीक गोळा करतात. त्याचे ऊर्ध्वपातन केल्यावर वाफेबरोबर टर्पेंटाईन तेल वेगळे होते आणि खाली घट्ट राळ (बिरोजा) उरते. राळेत मुख्यतः ॲबिएटिक आम्लासारखी राळ-आम्ले असतात.

प्रमुख घटक

- अल्फा पायनीन, बीटा पायनीन आणि ३-कॅरीन : ही मोनोटर्पीन्स आहेत. तिन्हींच्या रेणूत १० कार्बन व १६ हायड्रोजन अणू असतात. फक्त अणूंची मांडणी वेगळी असते. अमेरिकन व चिनी टर्पेंटाईनमध्ये अल्फा पायनीन जास्त असते, तर आपल्या चीडच्या तेलात ३-कॅरीनचे प्रमाण मोठे असते. कृत्रिम कापूर अल्फा पायनीनपासून बनवतात.
- लाँगिफोलीन : १५ कार्बनचे, जड व सावकाश उडणारे सेस्क्विटर्पीन. चीडचे जुने शास्त्रीय नाव पायनस लाँगिफोलिया होते. त्यावरून हे नाव पडले.
- हिमाचलीन : देवदाराच्या लाकडाच्या तेलातील मुख्य सेस्क्विटर्पीन.
- बॉर्निल ॲसिटेट : फर व स्प्रूसच्या सुयांच्या (पानांच्या) तेलातील ताज्या वासाचा घटक.
- अल्फा टर्पिनिऑल : पाइन ऑइलचा मुख्य घटक. जंतुनाशक फिनाइलमध्ये पाइन ऑइल वापरतात.

प्रजाती, झाडाचा भाग व हंगामानुसार घटकांचे प्रमाण बदलते.

खनिज टर्पेंटाईन कसे ओळखावे?

- लेबलवर ‘मिनरल टर्पेंटाईन’, ‘एमटीओ’, ‘व्हाइट स्पिरिट’ किंवा ‘थिनर’ असे लिहिले असल्यास ते जनावरासाठी वापरू नये. चीडच्या तेलावर ‘गम टर्पेंटाईन’ असे लिहिलेले असते.
- चीडच्या तेलाला राळेसारखा उग्र, ताजा वास येतो. खनिज द्रावणाचा वास रॉकेलकडे झुकतो.
- १०० मिली तेल अचूक मोजून वजन करावे. चीडचे तेल साधारण ८५ ते ८७ ग्रॅम भरते, खनिज द्रावण ७७ ते ८० ग्रॅम. वजन मधले आल्यास भेसळीची शंका घ्यावी.

या खुणा फक्त प्राथमिक तपासणीसाठी आहेत. रंगाच्या दुकानातील तेल जनावराला पाजू नये; औषधी दर्जाचे तेलच घ्यावे.

साठवण व वापर

हवा व उजेडात टर्पीन्सचे ऑक्सिडीकरण होते. जुन्या तेलात, विशेषतः ३-कॅरीनपासून, त्वचेला ॲलर्जी करणारी पेरॉक्साइडे तयार होतात. त्यामुळे तेल गडद रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या व घट्ट बुचाच्या बाटलीत, आगीपासून दूर ठेवावे. घट्ट झालेले जुने तेल वापरू नये.

शुद्ध तेलही जास्त झाल्यास अपाय करते. मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. तेल पाजताना जनावराची जीभ ओढू नये व तोंड फार वर करू नये. तेल फुफ्फुसात गेल्यास जनावर दगावू शकते. उपचारानंतर दुधाला टर्पेंटाईनचा वास येतो, म्हणून दूध कधीपासून वापरावे हेही पशुवैद्यकाला विचारावे.

पोटफुगीत वेळ फार कमी असतो. त्या घाईत चुकीची बाटली हाती लागू नये म्हणून गोठ्यातील टर्पेंटाईनची बाटली आजच तपासून त्यावर नाव लिहून ठेवावे.