अक्कलदाढ, भीती आणि कायदा

अमेरिकेत नव्या दंतवैद्याकडे गेलं, की आधी आजारांचा फॉर्म भरावा लागतो. त्यात बहुतेक वेळा एचआयव्हीचाही रकाना असतो. तिथं खरं लिहिलं तर आपल्यावर उपचार होतील का, हा प्रश्न एके काळी अगदी खरा होता.

डिसेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या किम्बर्ली बर्गालिस या तरुणीनं डेव्हिड एसर या दंतवैद्याकडे दोन अक्कलदाढा काढून घेतल्या. एसर यांना एड्स होता. किम्बर्लीला त्यांच्याकडूनच लागण झाली असावी, असं सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं जुलै १९९० मध्ये जाहीर केलं. पुढं त्यांचे आणखी पाच रुग्ण सापडले. विषाणू नेमका कसा पोचला, याचा उलगडा झाला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी किम्बर्ली गेली.

वास्तविक प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य समजूनच काम करा, असं सीडीसीनं १९८७ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे हातमोजे, मास्क आणि निर्जंतुक हत्यारं सगळ्यांसाठी सारखीच. तरी भीती उरलीच, आणि ती रुग्णांवर उलटली.

सप्टेंबर १९९४ मध्ये मेन राज्यातल्या बँगोरमध्ये सिडनी अ‍ॅबट यांनी फॉर्मवर एचआयव्ही असल्याचं लिहिलं. डॉ. ब्रॅग्डन यांनी दवाखान्यात दात भरायला नकार दिला. हॉस्पिटलमध्ये भरून देतो, म्हणाले. तिथला खर्च मात्र अ‍ॅबट यांनी करायचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. लक्षणं नसली तरी एचआयव्हीबाधितांना अपंगत्व कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, असा निकाल जून १९९८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. दवाखान्यात दात भरण्यात डॉक्टरला खरोखर धोका होता का, हा मुद्दा खालच्या कोर्टाकडे परत गेला आणि तिथंही अ‍ॅबटच जिंकल्या.

हाडात अडकलेली अक्कलदाढ काढणं हे दात भरण्यापेक्षा मोठं काम. हिरडी कापावी लागते, हाड कोरावं लागतं. म्हणून आज डॉक्टर सीडी-४ पेशी, व्हायरल लोड आणि प्लेटलेट्स पाहतात. प्रकृती स्थिर असेल तर दाढ नेहमीच्या दवाखान्यातच निघते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून अँटिबायोटिकही लागत नाही. प्लेटलेट्स फार कमी असतील तर मात्र हॉस्पिटल योग्यच.

हॉस्पिटल तेच, पण रक्तस्राव टाळण्यासाठी पाठवणं हा उपचार, आणि भीतीपोटी पाठवणं हा नकार. भारतातही २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीबाधितांशी आरोग्यसेवेत भेदभाव करायला बंदी घातली. फॉर्मवरचा तो रकाना आता रुग्णाच्या काळजीसाठी आहे, आणि तो तेवढ्यासाठीच राहायला हवा.