वारा दळणारी चक्की आणि टेकडीवरचा पाण्याचा कॅन

ट्रेडमिल ही मुळात व्यायामाची वस्तू नाहीच, ती शिक्षेची वस्तू आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी ती तयार केली. लांबलचक लाकडी चाक, त्याला पायऱ्या. कैद्यांनी समोरचा कठडा धरून ओळीने उभं राहायचं आणि कधीच न संपणारा जिना तासन्‌तास चढत राहायचं. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ती बसवली आणि मग देशभर पसरली. ब्रिक्स्टनला त्या चाकावर निदान धान्य तरी दळलं जायचं. काही तुरुंगांत चाकाला काहीच जोडलेलं नसायचं. माणसं चढतायत, चाक फिरतंय, दळलं मात्र काहीच जात नाही. लोक त्याला 'वारा दळणं' म्हणायचे. पुढे १८९८च्या कायद्याने ही शिक्षा मोडीत निघाली.

आज आपण महिन्याचे पैसे भरून तेच करतो! जिमला नावं ठेवायची नाहीत, ज्याला जमतं त्याने जरूर जावं. पण आमच्या रनिंग ग्रुपमध्ये मी अनेकदा विचारतो, की रविवारी सकाळी वीस-पंचवीस धट्टीकट्टी माणसं दहा-दहा किलोमीटर धावतात, त्या ताकदीचं पुढे काय होतं? घाम येतो, घड्याळात आकडा येतो, फोटो येतो, आणि मग मिसळ. ही ताकद ज्या रस्त्यावर, ज्या टेकडीवर आपण धावतो तिच्या थोडी तरी कामी यावी, असा विचार करून काही लोकांनी चक्क पद्धत बसवली. त्याचा इतिहास मजेशीर आहे आणि आपल्या पुण्याच्या टेकड्यांसाठी कामाचाही आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात पूर्व लंडनपासून करू. एकोणिसाव्या शतकात हा भाग म्हणजे गोदी, कारखाने आणि दाटीवाटीच्या गरीब वस्त्या. मृत्यूचं प्रमाण इतकं, की तिथे मोकळी हवा मिळावी म्हणून १८४० मध्ये ३०,००० लोकांनी सह्या करून थेट व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज केला. त्यातून १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क लोकांसाठी खुलं झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सार्वजनिक बाग ही कोणी दिलेली भेट नव्हती, लोकांनी मागून घेतलेली गोष्ट होती.

आता १९५९. इंग्लंडमध्ये 'कॉन्झर्वेशन कोअर' नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. त्यांची पहिली मोहीम सरे परगण्यातल्या बॉक्स हिल या टेकडीवर. ४२ जण गेले. तुम्हाला वाटेल झाडं लावायला गेले असतील. नाही! ते झुडपं तोडायला गेले होते. डॉगवूड नावाचं झुडूप माजल्यामुळे त्या चुनखडीच्या टेकडीवरचं मूळ गवत, फुलं आणि ज्युनिपरची झाडं गुदमरत होती. हिरव्या जागेची सेवा म्हणजे दरवेळी वृक्षारोपणच असं नाही, हे त्या लोकांना पहिल्याच दिवशी माहीत होतं. आपल्याला अजून पटायचंय.

याच संस्थेच्या पुढच्या अवताराला १९९८ मध्ये एक डॉक्टर भेटले. विल्यम बर्ड, ऑक्सफर्डशरमधल्या सॉनिंग कॉमन गावचे फॅमिली डॉक्टर. पेशंटला 'व्यायाम करा' सांगून कोणी करत नाही, हे सगळ्या डॉक्टरांचं दुखणं. त्यांनी १९९५ मध्ये गावात एकत्र चालण्याचे गट सुरू केले होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की माणसाला नुसता व्यायाम सांगितला तर तो कंटाळतो, पण काम सांगितलं तर येतो. त्यातून 'ग्रीन जिम' निघाली. आधी अंग मोकळं करायचं, मग कुदळ, फावडं, करवत हातात घेऊन दोन-तीन तास ओढ्याकाठी, रानात, बागेत काम, आणि मध्ये चहा. चहाला फार महत्त्व होतं असं दिसतं. तिथेच माणसं जोडली जातात.

धावण्याच्या बाजूने दुसरा धागा आला. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी १३ धावपटूंना जमवून ५ किलोमीटरची मोफत दौड घेतली. ते स्वतः दुखापतीमुळे धावू शकत नव्हते, म्हणून वेळ मोजायला उभे राहिले. हेच पुढे 'पार्करन' झालं. दर शनिवारी, मोफत, आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवकांच्या हाती. आज धावायचं, पुढच्या शनिवारी झेंडी धरून उभं राहायचं.

हे दोन्ही धागे एकत्र विणले 'गुडजिम'ने. आयव्हो गॉर्म्ली या तरुणाला जिममध्ये वाया जाणारी शक्ती बघून वैताग यायचा. तो धावत धावत एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे वर्तमानपत्र पोचवू लागला. याला पळायला कारण मिळालं, आजोबांना बोलायला माणूस. २००७च्या आसपास या कल्पनेने आकार घेतला आणि गट सुरू झाले ते पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये, म्हणजे तेच व्हिक्टोरिया पार्क जिथे आहे तिथे. पद्धत अगदी सोपी. संध्याकाळी जमायचं, सोबत प्रशिक्षक. दोन-चार किलोमीटर धावत वस्तीतल्या सामुदायिक बागेत जायचं. तिथे अर्धा-पाऊण तास तण काढायचं, खताचे ढीग हलवायचे, वाफे करायचे, कुंपण रंगवायचं. मग धावत परत. पहिल्यांदा आलेला माणूसही मागे पडत नाही, कारण सगळ्यांना त्याच बागेत पोचायचं असतं. आणि ज्या वृद्धांना भेटायला धावपटू जातात, त्यांना गुडजिमवाले 'कोच' म्हणतात. कोणी कोणावर उपकार करत नाही, हा हिशेब त्या एका शब्दात आला.

स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास एरिक अालस्ट्रॉम यांनी धावता धावता कचरा उचलायला सुरुवात केली आणि 'प्लॉगिंग' हा शब्द जगभर गेला. २ ऑक्टोबर २०१९ला आपल्याकडे देशभर प्लॉगिंग रन झाल्या, त्या बऱ्याच जणांना आठवत असतील.

इथे कोणीतरी म्हणेलच, की यात नवीन काय, आपल्याकडे श्रमदान आहेच. बरोबर आहे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) ज्या गावी कीर्तनाला जात, तिथे आधी झाडू हातात घेत. पारनेरमध्ये सेनापती बापट रस्ते झाडायचे. एडिंबराला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस, पुढे १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रहात उतरला, तोच माणूस हातात झाडू घेऊन गावात फिरे. वेताळ टेकडीच्या पायथ्याला ज्या रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण अडकतो, त्याला त्यांचंच नाव आहे. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई तालुक्यांतली गावं उन्हाळ्यात हातात टिकाव-फावडी घेऊन उतरली होती. तेव्हा घाम आणि माती यांचं नातं आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. शिकायचं काही असेल तर सातत्य. आपल्याकडे श्रमदानाचा एक दिवस असतो, बॅनरसकट. तिकडे दर आठवड्याचा एक तास असतो.

आता कळीचा मुद्दा. हे सगळं छान छान नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड इथल्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीनेच म्हणा, ठराव केला की लिटल स्टोक पार्कमध्ये दर शनिवारी पार्करनला येणाऱ्या सुमारे तीनशे लोकांनी बागेच्या देखभालीसाठी पैसे द्यावेत. मतदान सहा विरुद्ध चार. पार्करनचं तत्त्वच मोफत धावण्याचं, त्यामुळे तिथली दौड बंद पडली. देशभर गदारोळ झाला. पण कौन्सिलचं म्हणणंही अगदी टाकाऊ नव्हतं. वाट झिजते, गाड्या येतात, खर्च कोण करणार? त्यात इंग्लंडमध्ये बागा सांभाळणं हे स्थानिक संस्थांचं कायद्याने बंधनकारक काम नाही. २०१० नंतर सरकारने अनुदानं कापली, तेव्हा बागांच्या पैशावर आधी कुऱ्हाड आली. मग स्वयंसेवकांकडे बोट दाखवणं सोपं झालं: तुम्ही आहात ना, तुम्हीच करा!

हाच धोका आपल्यालाही आहे. ३०,००० लोकांनी सह्या करून मिळवलेली गोष्ट फुकटच्या घामावर सोडून देणं हा काही विकास नव्हे. म्हणून मी स्वयंसेवेचा पक्का समर्थक असलो तरी माझी एक अट आहे. माळ्याचा पगार, पाण्याची लाइन, रखवालदार आणि कचऱ्याची गाडी ही कामं महापालिकेची आणि वनखात्याची. धावणाऱ्यांनी करायचं ते त्याच्या वरचं.

म्हणजे नेमकं काय? आपल्या टेकडीवर हिशेब मांडू. वीस जणांचा ग्रुप, प्रत्येकाने पाच लिटरचा एक कॅन वर न्यायचा. झालं शंभर लिटर. एका रोपाला आठवड्याला पाच लिटर धरले तर वीस रोपं जगतात. फक्त वीस! आणि रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. आता जूनमध्ये कोणी एका सकाळी पाचशे रोपं लावून गेलं, तर त्यांना जगवायला असे पंचवीस ग्रुप हवेत, दर आठवड्याला, मार्च ते मे. म्हणून पुढच्या पावसाळ्यात कोणी वृक्षारोपणाला बोलावलं तर आधी एकच प्रश्न विचारा: एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार? उत्तर नसेल तर फोटोलाही जाऊ नका.

दुसरं, बॉक्स हिलचा धडा. आपल्या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ आणि खुरट्या झाडांचा आहे. पूर्वी लावलेलं गिरिपुष्प तिथे जिकडेतिकडे दिसतं. चांगल्या गवतात खड्डे खणून परकी झाडं लावणं ही सेवा नव्हे. त्यापेक्षा प्लास्टिक आणि काचा वेचा. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायच्या असतात, तिथे वनखात्याला विचारून हात लावा. पायवाट धुपत असेल तर नवीन पायवाट पाडू नका, आहे तिच्यावरूनच एका रांगेत धावा. शेवटच्या कामाला तर काहीच खर्च नाही. आणि टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खासगी, त्यामुळे परवानगी घेऊनच काम करायचं.

तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. जो दर आठवड्याला टेकडीवर हाताने काम करतो, त्याला टेकडी पाठ होते. कुठे राडारोडा पडला, कुठला चर बुजवला, कुठे रात्रीत कुंपण आलं, हे त्याला कागदावर यायच्या आधी कळतं. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला तेव्हा रोज टेकडीवर जाणारी माणसंच आधी उभी राहिली. कॅन वाहणारा माणूस नकाशावर रेघ ओढणाऱ्याला नेमका प्रश्न विचारू शकतो. महापालिकेला हा फुकटचा मजूर वाटत असेल, तर वाटू दे. तो प्रत्यक्षात जागेचा साक्षीदार असतो.

तेव्हा तुमच्या ग्रुपला माझी सूचना एवढीच. महिन्यातला एक रविवार द्या. पाच किलोमीटर धावा, पाऊण तास काम करा, धावत परत या. पेस कमी होईल, होऊ दे. वहीत दोन गोष्टी लिहा: किती रोपं जगली आणि काय चुकीचं दिसलं. पहिली यादी ग्रुपला दाखवा, दुसरी लेखी अर्ज करून वॉर्ड ऑफिसला द्या आणि पोच घ्या.

मिसळ नंतर आहेच.